राखणदाराची झोप

सोमवार, ३० जून

मोए,

तुझ्या प्रोग्रामाच्या तक्रारींच्या या फळ्यावर पहिल्याच रकान्यात विचारलंय, 'बिघाड थोडक्यात सांगा.' सांगते. माझी मुलगी आईच्या पत्राला उत्तर देत नाही. 'कधीपासून?' तिचा भाऊ समुद्रावर जायला लागला तेव्हापासून. 'पुन्हा पुन्हा होतो का?' दर पत्राला होतो गं बाई. शेवटी विचारलंय, 'त्याऐवजी काय व्हायला हवं होतं?' तो रकाना मी कोरा ठेवलाय.

रागावू नकोस. ही अक्कल माझी नाही, पाद्रीणबाईंची. गेल्या आठवड्यात ओफिराबाई चर्चच्या पायरीवर नारळ किसत बसल्या होत्या. म्हणाल्या, "फिलोई, तुझी लेक तिकडे न्यूझीलंडला डनिडिनमध्ये बसून तुला ओळख देत नाही, पण तिच्या प्रोग्रामात कुणी खोट काढली की घटकेत हजर होते. मग काढ की खोट. उभ्या गावाच्या खोटी काढतेस, एक तिची काढ."

म्हणून आले. आणि बघ, खोट सापडलीसुद्धा.

हा फळा जगभरचे लोक वाचतात म्हणे, तर त्या परक्यांसाठी दोन शब्द. आमची सामोआतली पोरं आलिआ घेऊन ट्यूना धरायला जातात. आलिआ म्हणजे पत्र्याची जोडहोडी. होडीवर एक डबी असते, ती थोड्या थोड्या वेळानं हाक मारते. हाक डोंगरावरच्या खांबाला ऐकू येते, आणि खांबाकडून गावातल्या लॅपटॉपांना. लॅपटॉपात माझ्या मुलीचा लेओलेओ बसलाय. लेओलेओ म्हणजे राखणदार. शेवटची हाक येऊन किती वेळ झाला, एवढंच तो सांगतो. हाक ताजी तर ठिपका हिरवा, शिळी झाली की लाल. पैसे पडत नाहीत. कुणीही घ्या, आतून उघडून बघा, सुधारा, दुसऱ्याला द्या. तिनं दार सगळ्यांना उघडं ठेवलंय. आई सोडून.

आता कामाचं. बेटांवर आम्हाला लॅपटॉप मिळतात ते दुसऱ्यांनी टाकलेले. यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला मी कारभारी म्हणते. एकाच्या आत विकतचा कारभारी, दुसऱ्याच्या आत फुकटचा, तिसऱ्याच्या आत कुठला आहे ते तो स्वतःच विसरलेला. लेओलेओनं कुठल्याही कारभाऱ्याच्या हाताखाली सारखंच काम केलं पाहिजे. तेच मी तपासते. मला कुणी नेमलेलं नाही, मीच बसले. माझा लॅपटॉप शाळेनं काढून टाकलेला, त्यात विकतचा कारभारी. धक्क्यावर मासेमारी सोसायटीचा आहे, त्यात फुकटचा.

शुक्रवारी मी जादाची डबी आपल्या डुकरिणीच्या गळ्यात बांधली. ती तारोच्या कंदांच्या वाफ्यात शिरली, तिथून ओढ्यात, आणि डबीनं मान टाकली. इतक्यात संध्याकाळचा शंख झाला, सगळे प्रार्थनेला आत गेले. प्रार्थना आटोपल्यावर पाहिलं. माझा म्हणतो, अर्ध्या तासापूर्वी हाक आली होती. सोसायटीचा म्हणतो, पाच मिनिटांपूर्वी.

डुकरीण एकच होती, मोए. मी मोजली.

तुझी आई


गुरुवार, ३ जुलै

मोए,

तुझं उत्तर आलं. 'नोंद मिळाली. कारभाऱ्याची आवृत्ती कळवावी. वैयक्तिक मजकूर फळ्यावर लिहू नये.' तीन वर्षांनी लेकीचं पत्र आलं आणि त्यात 'कळवावी' आणि 'लिहू नये'. मी ते ओफिराबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सरकारी आहे, पण उत्तर आहे." मी दोनदा वाचून दाखवलं.

खाली पोर्तुगालच्या कुणा रुईनं लिहिलंय, 'माझ्याकडे दोन्ही कारभाऱ्यांवर सारखंच चालतं.' बाबा रुई, तुझ्याकडे डुकरीण आहे का? तो म्हणतो, तो माझं लिहिणं यंत्राकडून त्याच्या भाषेत उलटवून घेतो, आणि यंत्राच्या मते माझं एका डुकराशी लग्न झालं होतं. त्याला सांग, माझा नवरा घोरायचा, पण इतका नाही.

आवृत्ती खाली लिहिली आहे. आकडे ओफिराबाईंनी तपासलेत.

वारा सुटलाय. जुलैचा आहे, तुला माहीत आहे तसला. रात्रंदिवस एकाच बाजूनं ढकलत राहणारा. तुझा भाऊ अपेलू आता बांधाच्या, म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या, फार बाहेर जातो. जवळ मासा राहिला नाही म्हणतो. बरोबर आपल्या वाईफाले भावजींचा मुलगा सानेले असतो. दोघं धक्क्यावरून निघताना एकमेकांना शिव्या देत निघतात. डोंगराआड गेले की मी हिरव्या ठिपक्याकडे बघत बसते. चटई विणायला घेते, बघते, उसवते. तारोच्या पानांतली पालुसामी दोनदा करपली. शेजारीण म्हणाली, "फिलोई, हल्ली तुला कुणी आवडायला लागलंय का? सारखी त्या स्क्रीनमध्ये बघतेस." मी म्हटलं, हो, एक हिरवा आहे, बोलत नाही पण रोज घरी येतो.

हे वैयक्तिक आहे का? कुठून कुठपर्यंत यंत्राचं आणि कुठून माझं, ते मला नाही सांगता येत.

तुझी आई


मंगळवार, ८ जुलै

मोए,

पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दिवसभर दोन्ही लॅपटॉप एका सुरात बोलतात. संध्याकाळनंतर बिनसतं. दरवेळी सोसायटीचाच म्हणतो की हाक आत्ताच आली. कधीही उलटं होत नाही.

वाईफाले भावजींना सांगितलं. सोसायटीचे प्रमुख ते, लॅपटॉपवर रुमाल घालून ठेवतात. म्हणाले, "वहिनी, तुमच्या लॅपटॉपला वय झालंय. म्हाताऱ्या माणसाला वाटतंच की फार वेळ झाला."

मी म्हटलं, "भावजी, तुम्हाला नाही वाटत ते?"

"मी तरुण आहे."

"मग धक्क्याच्या पायऱ्या चढताना शिट्टी कोण वाजवतं? तुमची छातीच ना?"

हसले. पण रुमाल नीट केला.

तू लिहिलंस की असं होणं शक्य नाही. दानात आलेल्या यंत्रांची घड्याळं खोटी असतात, त्यांची बॅटरी मेलेली असते. आपल्या देशानं वाररेषा बदलताना एकदा अख्खी तारीख गाळली, ती तर कित्येकांना अजून कळलेली नाही. म्हणून लेओलेओ घड्याळ बघतच नाही. यंत्राच्या पोटात एक वेळ मोजणारं चाक असतं, यंत्र सुरू झाल्यापासून ते फिरत राहतं, त्याच्यावर तो चालतो. ते चाक कधी मागं जात नाही. असं तू समजावलंस, आणि मला पटलं. रुईनंही पुन्हा लिहिलं, 'आठवडाभर चालू ठेवून पाहिलं, एका क्षणाचा फरक नाही.' ब्राझीलच्या कुणीतरी तेच लिहिलं. इतक्या जणांकडे नीट चालतं आणि माझ्याच घरात चालत नाही, म्हणजे माझंच काही चुकत असेल.

तरी हा बिघाड मिटवू नकोस. थोडे दिवस राहू दे.

अपेलू आणि सानेले शुक्रवारी निघणार, रात्र बाहेर काढणार, शनिवारी शंखाच्या आत परत. मी म्हटलं, वारा बघ. तो म्हणाला, "आई, वारा बघायला लागलो तर मासे कोण बघणार?" हे वाक्य याच्याआधी आपल्या घरात कोण म्हणायचं ते तुला सांगायला नको. मी हसले. माझे हात पिठात होते, बरं झालं.

आई


रविवार, १३ जुलै, दुपार

मोए,

थट्टा नाही आज. पटकन वाच.

ते आले नाहीत.

काल दुपारपर्यंत ठिपका दोन्हीकडे हिरवा होता. शंख व्हायच्या जरा आधी मी धक्क्यावर गेले, तेव्हाही हाक येत होती, पण होडी दिसत नव्हती. मग शंख झाला. प्रार्थनेच्या वेळी कुणी बाहेर राहू नये म्हणून रस्त्यावर पोरं काठ्या घेऊन उभी राहिली, सगळे आत गेले. उशीर झाला की होडीवाले गावात येतच नाहीत. रविवारी धक्क्याला होडी लावली तर पंच दंड करतात. म्हणून ते शहराच्या धक्क्याला लागतात, तिथंच झोपतात आणि सोमवारी येतात. सगळे म्हणाले, तिकडेच गेले असतील. फोन लागत नाही. पण अपेलूचा फोन कधी लागतो? दर महिन्याला एक पाण्यात जातो.

आज सकाळी चर्चमध्ये बसले. काय गायले ते आठवत नाही. ओफिराबाईंनी माझं पुस्तक सुलट केलं.

दुपारची पंगत उठल्यावर घरी येऊन पाहिलं. लाल. शेवटची हाक काल संध्याकाळची. मी तशीच पळत धक्क्यावर गेले. वाईफाले भावजींनी त्यांचा उघडला. तो हिरवा. म्हणतो, दहा मिनिटांपूर्वी हाक आली.

"बघा," भावजी म्हणाले. "इथंच कुठंतरी आहेत. दंडाला भिऊन बांधाबाहेर थांबलेत, गाढवं."

"माझ्याकडे लाल आहे, भावजी. कालपासून हाक नाही."

"वहिनी, आज रविवार आहे. पोट भरलंय, घरी जा, पडा जरा."

"दोघांतला एक खोटं बोलतोय."

"तुमचा."

"कशावरून?"

त्यांनी कोकोचा पेला उचलला. ओठांपर्यंत नेला. परत ठेवला. मग म्हणाले, "माझा मुलगा आहे त्या होडीवर. मला हिरवं बघू द्या."

माझ्या जिभेवर एक टोमणा आला होता. तो तिथंच वाळला.

मोए, कोणता खरा? सगळे म्हणतात तुझा प्रोग्राम चुकत नाही. चुकत नसेल तर दोन्ही खरे, आणि दोन्ही खरे असतील तर माझं डोकं फिरलंय. मला ते चालेल. एवढंच सांग की माझं डोकं फिरलंय. तुझे बाबा समुद्रावरून परतले नाहीत तेव्हा आम्ही दोन दिवस म्हणत राहिलो, शहरात असतील, शहरात असतील. ते फळ्यावर लिहू नये म्हणतेस. लिहिलं.

हे पत्र नाही. बिघाड आहे. उत्तर दे.


रविवार, १३ जुलै, त्यानंतर

मोए,

तू लिहिलंस, 'आई, प्रार्थनेच्या वेळी तुम्ही लॅपटॉपचं झाकण लावता का?'

अगं, लावतो म्हणजे काय? शंख झाल्यावर कुणी उघडं ठेवतं का? रेडिओ बंद, टीव्ही बंद, चूलसुद्धा झाकतो. तू याच घरात वाढलीस. आणि रविवारी तर शनिवारच्या शंखापासून झाकण लागतं ते दुपारी जेवून उघडतं. याच्यात सांगण्यासारखं काय आहे असं मला वाटलं. श्वास घेतला हे कुणी कळवतं का?

मग तुझं दुसरं आलं, तुटक तुटक, चुका असलेलं. तू कधी चुका करत नाहीस. झाकण लावलं की यंत्र झोपतं. विकतच्या कारभाऱ्याचं चाक झोपेतही फिरतं. फुकटच्याचं चाक झोपेत थांबतं, आणि उठलं की जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं मोजतं. मधला वेळ त्याच्या लेखी झालाच नाही. रुईनं आठवडाभर झाकण लावलंच नव्हतं. कुणीच लावलं नव्हतं.

मी लॅपटॉप काखेत मारून धक्क्यावर गेले. भावजी तिथंच बसले होते, उठले नव्हते.

"भावजी, एक भजन म्हणायचंय."

"आता?"

"आत्ता. मोठ्यातलं मोठं."

जादाची डबी काढली. तिची एक हाक दोघांकडे पोचू दिली, मग बंद केली. दोन्ही झाकणं लावली. आणि बसलो गायला. भावजींचा आवाज मधूनच बसत होता, मी वर ओढत होते, मी अडखळले की ते ओढत होते. सगळी कडवी म्हटली. झाकणं उघडली.

माझ्यात भजनाचा वेळ दिसला. त्यांच्यात नाही. त्यांच्यात डबीनं नुकतीच हाक मारली होती.

भावजींनी दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी सरकवून पाहिले. मग अगदी हळू म्हणाले, "वहिनी, हा म्हणतो आपण गायलोच नाही."

"हो."

"म्हणजे सानेले कालपासून..."

भावजी उठले, आढ्याला टांगलेला शंख काढला. मोए, रविवारच्या दुपारी, जेव्हा कोंबडासुद्धा आरवायला लाजतो, तेव्हा त्यांनी शंख फुंकला. तीनदा. लोक झोपेतून उठून आले. पाद्रीबाबा अनवाणी पळत आले, त्यांचा पांढरा सदरा अर्धाच घातलेला. भावजी म्हणाले, "बाबा, होड्या काढायच्या आहेत, परवानगी—"

बाबा म्हणाले, "फुंकून झाल्यावर विचारतोस? काढ."

चार होड्या गेल्या. शहरातून पोलिसांची बोट निघाली म्हणतात. संध्याकाळ होत आली आहे. शंख पुन्हा होईल, या वेळी प्रार्थनेचा. मी झाकण लावणार नाही. कुणी काठी घेऊन आला तर येऊ दे.

तू जागी आहेस ना?


सोमवार, १४ जुलै

मोए,

काही कळलं नाही अजून. तुला सांगते कारण तू दर थोड्या वेळानं विचारतेस.

तू काढलेला नकाशा भावजींनी पोलिसांच्या बोटीला रेडिओवरून वाचून दाखवला. काल सगळे बांधाच्या जवळ शोधत होते, कारण शनिवारी शंखापर्यंत हाक येत होती, म्हणजे इथंच असतील असं वाटलं. तू म्हणालीस, शेवटची हाक शनिवारची धरा, तेव्हापासून वाऱ्यानं ढकललेली होडी कुठं जाईल ते धरा. वायव्येला, खूप आत. बोट तिकडे वळली. तिकडे काही नाही, मोए. नुसतं पाणी आहे, पार दुसऱ्या लोकांच्या बेटांपर्यंत.

तू फळ्याच्या माथ्यावर लिहिलंस ते मी पाहिलं. 'लेओलेओ वापरणाऱ्या सर्वांनी, झाकण लावून उघडलं असेल तर हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नका. चूक माझी आहे.' खाली लोकांनी लिहायला सुरुवात केलीय. टोकेलाऊहून कुणीतरी लिहिलंय, 'आमच्याकडेही शंख होतो.' किरिबातीहून एकानं लिहिलंय, 'माझा भाऊ आज बाहेर आहे, मी आता काय करू?' त्याला कुणी काय सांगणार? मी लिहिलं, 'धक्क्यावर जा. डोळ्यांनी बघ.' तेवढंच सुचलं.

रुईनं मला निराळं लिहिलं. म्हणाला, मावशी, मी खिल्ली उडवली, माफ करा. त्याच्या यंत्रानं 'मावशी' बरोबर उलटवलं.

अक्षरं दोनदा उमटतात, खोडत बसत नाही. ओफिराबाई शेजारी बसल्यात. माझी चटई विणतायत, वाईट विणतात. सांगितलं नाही.

वाईफाले भावजी धक्क्याच्या टोकाला उभे आहेत, कालपासून. त्यांना पाणी नेऊन दिलं. ते म्हणाले, "वहिनी, मला शनिवारी रात्रीच माहीत होतं. पोटात माहीत होतं." मी म्हटलं, मलाही. मग दोघं तिथंच उभे राहिलो.


मंगळवार, १५ जुलै

मोए,

तू फोनवर ऐकलंसच, पण फोनवर आपण दोघी नुसत्या हुंदके देत होतो आणि पैसे फोनवाल्याला गेले. नीट सांगते.

काल दुपार कलल्यावर पोलिसांच्या बोटीला दिसले. तू सांगितलेल्या जागेच्याही पुढं. इंजिनात पाणी गेलं होतं, बॅटरी बुडाली, तिच्याबरोबर डबी आणि रेडिओ. जोडहोडीतली एक होडी पाण्यानं भरली होती. दोघं आळीपाळीनं मासळीच्या टोपल्यानं उपसत होते. टोपल्याला भोकं असतात, मोए. त्यांनी आतून अपेलूचा सदरा लावला होता.

ओठ फुटलेत, पाठ सोलून निघालीय. उतरल्यावर मला म्हणाला, "आई, मासे टाकले नाहीत." मी त्याच्या हातातलं टोपलं काढून घेतलं. सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता की आता फिलोई काहीतरी बोलेल.

भावजींनी सानेलेला पायरीवर बसवलं आणि गोड्या पाण्यानं त्याचे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतून. सानेले म्हणत होता, "बाबा, पुरे, लोक बघतायत." ते धूतच राहिले.

अपेलू झोपलाय. मी मधूनमधून त्याच्या नाकाशी हात धरते. तो झोपेत म्हणाला, "आई, हात काढ, तारोचा वास येतो."

तू लिहिलंस, 'आता त्याला पुन्हा पाठवू नकोस.' मोए, याच वाक्यावर आपण तीन वर्षं गप्प होतो. तेव्हाही मी पाठवलं नव्हतं. फक्त अडवलं नव्हतं. त्या दोहोंच्या मध्ये जेवढी जागा आहे तेवढ्यात मी राहते, आणि ती फार अरुंद आहे. तू भांड माझ्याशी, पण भांडत राहा. गप्प होऊ नकोस. आत्ता नको.


शुक्रवार, १ ऑगस्ट

मोए,

नवा लेओलेओ मिळाला. गावातल्या सगळ्या लॅपटॉपांवर घालून पाहिला. डुकरिणीला पुन्हा कामाला लावलं. ती डबी बघताच पळायला लागलीय, म्हणजे तिच्यावर ही तपासणी आता चालणार नाही. झाकण लावलं, थांबले, उघडलं. आता तो उठल्याबरोबर आधी म्हणतो, 'मी झोपलो होतो. तेवढ्यात काय झालं मला ठाऊक नाही.' मग मधला वेळ धरून सांगतो. सोसायटीचा आणि माझा, दोघांचे आकडे जुळले. रुईनं झाकण लावून पाहिलं, जुळले. टोकेलाऊवाल्यांनीही कळवलं.

पण नवा आल्यापासून झाकण लागलेलं असताना होडी खरोखरच बाहेर आहे, असं अजून कुठंच झालेलं नाही. डुकरीण तारोत असते. ती बुडत नाही.

अपेलू आज पहाटे निघाला. नवं इंजिन पंचांनी वर्गणीतून घेतलंय. सानेले बरोबर आहे, त्याला बापानं दोन डब्या बांधल्यात, एक अंगावर. उद्या येणार.

काल पंचांनी मला बोलावलं. भावजींनीच विषय काढला. म्हणाले, "वहिनींचा एक लॅपटॉप प्रार्थनेच्या वेळी उघडा राहू दे. देव काही रागावणार नाही." पाद्रीबाबा म्हणाले, "मी देवाशी बोलतो." तू पण तेच लिहिलं होतंस, एक तरी उघडा ठेवा. सगळे माझ्याकडे बघत होते. मला 'हो' म्हणायचं होतं, मोए. शब्द तोंडात आला होता.

मी म्हटलं, नको.

त्यांना वाटलं मी भक्तीनं म्हणते. ओफिराबाईंना खरं कळलं, त्या खाली बघत होत्या. आमच्या इथं पंच परवानगी देतील. त्या किरिबातीच्या माणसाला कोण देणार? तो झाकण लावणार. कुणी प्रार्थनेला लावील, कुणी मयताला जाताना लावील, कुणाचं लहान पोर येऊन लावून जाईल. माणसं झाकणं लावणारच. माझा उघडा राहिला तर तुझा लेओलेओ झोपेतून खरं बोलत उठतो की नाही, हे कधी कळणारच नाही. कळेल ते पुन्हा कुणाचं तरी पोर नाहीसं झाल्यावर.

असं मी त्यांच्यापुढं ठामपणे बोलले. घरी येऊन झाकण लावून, उघडून आकडे पुन्हा तपासले, तीनदा.

आता बसलेय. बाहेर पोरं काठ्या घेऊन रस्त्यावर यायला लागलीत. चूल झाकली. वारा आहे, तोच. अपेलूचा ठिपका हिरवा आहे, हाक आत्ता आली, खरोखर आत्ता, मी उघड्या डोळ्यांनी पाहिली. सोसायटीतून भावजींनी निरोप पाठवला, "वहिनींनी लावलं की मी लावतो. आधी नाही."

तू म्हणालीस, लागलीच कळव. उघडल्यावर कळवीन.

शंख झाला, मोए. हे पाठवते आणि लावते. नीट शिकवलंयस ना त्याला? सगळं नीट शिकवलंयस ना?